तेलातली माती

एअर क्लीनर उघडण्याआधी त्याच्या आजूबाजूची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. हे न करता झाकण काढले, तर जी धूळ बाहेर ठेवायची, तीच आपल्या हाताने आत जाते. हा नियम मला वडिलांनी शिकवला. नगरच्या लष्करी वर्कशॉपमधून ते मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि तिसगावला परतताना लिलावातली एक जुनी जीप घेऊन आले, चारही चाकांना जोर मिळणारी. मी गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. नव्वदच्या दशकातली ती वर्षे. आई नव्हती, थोरला भाऊ पुण्यात नोकरीला होता. घरात आम्ही दोघे आणि अंगणात ती जीप.

दर रविवारी सकाळी लिंबाखाली पोते अंथरून आम्ही तिचा एअर क्लीनर उघडत असू. इंजिनाला डिझेलपेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. ती हवा आधी एका वाटीसारख्या भांड्यात शिरते आणि तिथल्या तेलावरून एकदम वळते. हवा हलकी, म्हणून तिला वळता येते. धूळ जड, तिला वळण साधत नाही, आणि ती तेलात पडते. तेल खुणेपर्यंतच घालावे. कमी घातले तर धूळ निसटते, जास्त घातले तर इंजिन तेलच ओढू लागते. त्यानंतर रबरी नळीच्या आतून बोट फिरवून पाहावे. बोटाला माती लागली, तर नळी कुठेतरी चिरली आहे असे समजावे.

जुने तेल ओतून दिले की भांड्याच्या तळाशी गाळाचा थर उरे. तो मी रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर वाळवत असे. त्याची गरज नव्हती, पण मला ते आवडे. वाळलेली चिमूट बोटांत चोळताना आठवड्याचे रस्ते एकेक करून उलगडत. आमच्या शेताची माती राखाडी, पिठासारखी मऊ. काष्टीला मावशीकडे जाऊन आलो की गाळ काळा निघे आणि मला उसाच्या फडाचा ओला वास आल्यासारखा वाटे. कधी कधी मी इतकी हरवून जाई, की लिंबाची सावली पोत्यावरून सरकून गेलेली असे आणि पाठीला ऊन लागल्यावरच भानावर येई.

मग वडिलांना काचबिंदू असल्याचे निघाले. नजर कडेकडेने कमी होत चालली होती. गेलेली परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. भाऊ पुण्याहून आला आणि त्याने हद्द ठरवून दिली. शेत आणि बाजार, एवढेच. घाट एकदाही चढला, तर जीप विकायची. वडिलांनी मान हलवली. दर महिन्याला पत्राने खरी हकीकत कळवण्याचे काम माझ्याकडे आले.

पुढच्याच महिन्यातल्या एका रविवारी कागदावरची माती तांबडी वाळली. त्या दिवसांत करंजी घाटात रस्ता रुंद करण्याचे काम चालू होते आणि तिथे तांबडा मुरूम पसरलेला होता. मी बराच वेळ त्या मातीकडे पाहत राहिले. मनात एक रिकामा रस्ता वळणे घेत वर जात होता, आणि त्याच्या एका कडेला काहीच नव्हते.

“दादा, ह्या आठवड्यात कुठं कुठं गेला होता?” मी वडिलांना विचारले.

“कुठं म्हंजे? शेतात. बाजारात.”

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. “आपल्या बाजारात तांबडा मुरूम कुणी टाकला?”

त्यांनी मान फिरवून कागद नजरेच्या मधोमध आणला. “मास्तरीन झालीस ते झालीस, पोलिसात बी भरती झालीस व्हय?”

“घाटात गेला होता.”

“लई न्हाई. वरपतुर. च्या पितो, खाली बघतो, येतो.”

“काय बघता खाली?”

“दिसतंय तवर बघून घेतो,” ते म्हणाले, आणि एअर क्लीनरमधली तारेची जाळी धुवायला रॉकेलमध्ये बुडवू लागले.

खरे लिहिले तर त्यांची जीप जाणार होती. खोटे लिहिले तर एखाद्या वळणावर तेच गेले असते. आंतरदेशीय पत्र तीन दिवस कोरे राहिले. चौथ्या दिवशी मी सगळे जसेच्या तसे लिहिले आणि खाली एक वाक्य जोडले: गाडी मी शिकते, तोवर किल्ली शाळेच्या कपाटात राहील. भावाचे उत्तर दोन ओळींचे आले. सहा महिन्यांत लायसन्स काढ. नाही निघाले, तर गिऱ्हाईक मी आणतो.

वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाशी उभे होते. “आन किल्ली. क्लच कंचा त्ये तरी ठावं हाय का?”

बाजाराच्या मोकळ्या मैदानात आमचा वर्ग भरू लागला. ते माझ्यासारखेच शिकवत, एका दिवशी एकच गोष्ट. पहिल्या आठवड्यात तर गाडी जागची हलवूच दिली नाही. नुसता आवाज ऐकायला लावला. पुढे गाडी आचके देत चालू लागली, तेव्हा चहाच्या टपरीवाल्याने हाक मारली, “बाई, आता हजेरी गाडीतूनच घेनार काय?”

“तू गैरहजर ऱ्हा,” वडील ओरडले, “म्हंजे चाकाखाली यायचा न्हाईस!”

पाचव्या महिन्यात लायसन्स हातात आले. त्यानंतरच्या एका दुपारी आम्ही घाटाकडे निघालो. चढाच्या सुरुवातीलाच एक मुरमाचा ट्रक पुढे लागला. त्याच्यामागे धुळीची भिंत उभी राहिली. मी वेग वाढवणार, तोच वडिलांनी हात आडवा धरला.

“मागं ऱ्हा. दुसऱ्याची धूळ आपल्या इंजिनानं का खायची? बाजूला घे. बंद कर.”

मी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. कितीही चांगला एअर क्लीनर असो, त्याच्यापर्यंत जितकी कमी धूळ पोहोचेल तितके बरे, हा धडा तोवर राहून गेला होता. ट्रकचा आवाज वर वर जात विरला. धूळ मात्र खाली उतरायला तयार नव्हती. ती उन्हात तरंगत राहिली, जणू डोंगरानेच सावकाश उच्छ्वास सोडला होता. झाडे गेली, कठडा गेला, मग रस्ताही गेला. आम्ही दोघे कुठल्याच गावाचे नाही, कुठे निघालेलोही नाही, असे मला क्षणभर वाटले. त्यात भीती नव्हती.

वडील समोर तोंड करून बसले होते. हात गुडघ्यांवर.

“दिसतो का रस्ता?” त्यांनी विचारले.

रस्त्याबद्दल त्यांनी आजवर मला बरेच काही सांगितले होते, विचारले कधीच नव्हते.

“अजून नाही, दादा.”

त्यांनी मान डोलावली. वळणावरच्या दगडाची पांढरी कड धुळीतून वर आली. मग तिच्या पलीकडचा कठडा. मी आणखी थोडी थांबले.

“आता दिसतोय.”

“मग चल,” ते म्हणाले.