वचन खोटं पडू नये म्हणून

हौसेराव भित्रा आहे असं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पाठीवर बटाट्याचं पोतं घेऊन हा गडी गाणं म्हणत चालायचा. साताऱ्याकडचा, आजोबांपासूनचा ख्रिस्ती. दर रविवारी नेरूळला एका शाळेच्या वर्गात उपासना व्हायची, तिथं त्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत यायचा. बरोबरचे हमाल सगळे हिंदू, पण कुणाचं पोर आजारी पडलं की हौसेरावला गाठायचे. "तुझ्या द्येवाला जरा सांग की रं." तो भर गाळ्यात डोळे मिटून सांगायचा आणि वर ठणकावून म्हणायचा, "जा, काय होत न्हाय. वचन हाय त्याचं."

चौऱ्याण्णव साली गणपती उठले आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. मार्केटला बटाटा गुजरातेतून यायचा. गाडी लागली की लोक आधी ड्रायव्हरचं तोंड बघायचे, मग माल. जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन गायब झालं. हौसेराव मात्र रुमाल बांधेना की गोळी घेईना. बायबलात एक स्तोत्र आहे. देवाच्या आसऱ्याला राहणाऱ्याच्या घराजवळ मरी फिरकत नाही, अशा अर्थाचं. ते त्यानं साऱ्या गाळ्याला ऐकवलं. एकदा पोत्यांच्या थप्पीखाली मेलेला उंदीर निघाला आणि सगळे पळाले, तर ह्यानं तो शेपटीला धरून उचलला आणि सगळ्यांदेखत बाहेर भिरकावला. देवावर विश्वास होताच, पण त्यात फुशारकीही होती, हे म्हटलंच पाहिजे.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, पोतं उचलताना त्याला हुडहुडी भरली.

पोतं तसंच टाकून तो मुतारीत गेला आणि प्लेगाच्या गाठीसाठी जांघ चाचपली. गाठ लागली. का लागल्यासारखी वाटली? त्यानं पुन्हा चाचपलं. आता दुसऱ्या बाजूलाही लागली. जोडीदार सदू हाक मारत होता, पण त्याला ओ न देता तो मागच्या फाटकानं बाहेर पडला आणि शिरवण्याच्या वाटेला लागला.

शिरवण्यात गावातलीच एक खोली त्यानं भाड्यानं घेतली होती. दारात त्याची लेक मोनाली खेळत होती. बाप दिसताच ती हात पसरून धावली. "येऊ नगंस!" तो असा ओरडला की पोरगी जागच्या जागी थिजली आणि रडायला लागली. तो उलट्या पावली फिरला आणि गावाबाहेर एका बंद कारखान्याच्या भिंतीला टेकून बसला. उन्हात बसूनही दात वाजत होते.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मरी घराजवळ येणार नाही, असं वचन आहे. आपण उंबरा ओलांडला तर ती घरात शिरेल. पोरीला होईल, बायकोला होईल, आणि देवाचं वचन साऱ्या मार्केटादेखत खोटं पडेल. आपण बाहेरच राहिलो, बाहेरच मेलो, तर वचन खरं राहील. कुणी म्हणेल, केवढी ही श्रद्धा! कसली श्रद्धा? देव आपल्याला सांभाळील ह्याची खात्री उरली नव्हती, म्हणून हा भला माणूस देवालाच सांभाळायला निघाला होता.

घरमालकीण मैनाबाई तिकडून येत होती. "काय झाला रं? भाईर का बसलास?" तिनं विचारलं. तो नुसता कापत होता. तिनं पदर नाकाला लावला आणि मागं न बघता घर गाठलं. थोड्या वेळानं त्याची बायको वेणूबाई धावत आली.

"थितंच थांब!" तो ओरडला. ती थांबली नाही. त्याच्या कपाळाला हात लावला, तो त्यानं झिडकारला.

"पलेग हाय मला. लांब हो."

"डाक्टरनं सांगितलं?"

"मला कळतंय. घराजवळ येनार न्हाय असं वचन हाय, वेणू. मी घरात आलो तर..."

तिला अर्थ लागायला वेळ लागला, पण लागला तशी ती भडकली. "म्हंजी द्येवाचं वचन तुमच्या पायावर चालतंय व्हय? तुमी आत आला की खोटं, भाईर बसला की खरं? वचन काय उंबऱ्याला दिलंय? मानसाला दिलंय त्यानं!"

"मानसाला दिलंय, तर मग मला का झाला?"

"मला न्हाय म्हाईत," ती म्हणाली. "उठा. दवाखान्यात चला."

ताप म्हटलं असतं तर रिक्षावाला थांबला नसता. जन्मात खोटं न बोललेली वेणूबाई त्याला म्हणाली, "पाय मुरगळलाय ह्यांचा." वाटभर हौसेराव तिच्यापासून अंग चोरून बसला होता.

सरकारी दवाखान्यात ताप म्हटल्याबरोबर रांग फाटली. रक्त घेतलं, आणि व्हरांड्याच्या टोकाला एका खाटेवर त्याला एकटं टाकलं. तो हिवताप निघाला, खाडीकाठच्या डासांची करणी, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पण त्या संध्याकाळी त्या दोघांना ते माहीत नव्हतं. येणारा-जाणारा खाटेला वळसा घालून जात होता. वेणूबाईला लांब बसायला सांगितलं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

"प्रार्थना करा," ती म्हणाली.

साऱ्या गाळ्यासाठी मागणाऱ्या हौसेरावला शब्द सुचेना. वचन उच्चारायला जीभ रेटेना. आयुष्यभर आपण नुसतं बोलत आलो, पलीकडं ऐकायला कुणी नव्हतंच तर? प्लेगापेक्षा ह्या भीतीनं त्याला जास्त कापरं भरलं. शेवटी तो पुटपुटला, "द्येवा, मला भ्या वाटतंय. मरायचं भ्या वाटतंय. तू हाईस का न्हाईस, ह्येचंबी वाटतंय."

वेणूबाई दचकली. असली प्रार्थना तिनं कधी ऐकली नव्हती. मग ती उठली, खाटेवर त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आमेन."

तिनं त्याचा हात हातात घेतला. ह्या खेपेला त्यानं तो सोडवून घेतला नाही. भीती गेली नव्हती, पण ती ज्याला सांगायची त्याला सांगून झाली होती.