पाणी माथ्यावर

महायुद्धाच्या काळात माझी पोस्टिंग चिखलदऱ्याला झाली. मी अमरावतीच्या एका वकिलाची मुलगी, मॅट्रिक पास, इंग्रजी बरं. म्हणून बायकांच्या सहायक दलात मला वायरलेसवर बसवलं. पठारावर जंगल-लढाईचा ट्रेनिंग कॅम्प होता. ब्रह्मदेशात जाणाऱ्या तुकड्या तिथे तीन आठवडे राहत आणि पाळीपाळीने दरीत उतरून वर चढत.

आता तिथे सहलीला जाणारे लोक मला विचारतात, वाट कशी आहे. उतरायला दोन तास, चढायला तीन. खाली मोठमोठे धोंडे, मध्ये सुट्या मुरमाचा घसारा आणि शेवटचा टप्पा उघड्या काळ्या कातळाचा. मे महिन्यात त्या कातळावर तळहात टेकवत नाही.

कॅम्पचा एक नियम पाण्याचा होता. ०६०० वाजता प्रत्येक बाटली भरून बुचावर लाख ओतत. ती फोडायची तर हवालदाराने वायरलेसवर परवानगी मागायची. कॅप्टनने दिली तरच पाणी, नाहीतर माथ्यावर. वर पोचल्यावर बुचं तपासत. एकानेही परवानगीशिवाय लाख फोडलेली दिसली, तर तुकडीतल्या बाराही जणांना दुसऱ्या दिवशी तीच वाट पुन्हा. त्यामुळे पहारा ठेवायची गरज नव्हती. जवानच एकमेकांच्या बुचांवर नजर ठेवत.

कॅप्टन इंग्रज होता. तोही लाख लावलेली बाटली घेऊन माथ्यावर बसे आणि तुकडी वर येईपर्यंत पीत नसे. हे खरं आहे म्हणून लिहिते.

तुकडीचा वायरलेस सेट त्यांचा ऑपरेटर लान्स नाईक पुंडलिक इंगोले याच्या पाठीवर असे. चौतीस पौंड. तो दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. डोंगरावरच्या गोड पाण्याचं त्याला फार कौतुक होतं.

"आमच्या गावी च्यात मीठ टाकाचं कामच नाई बाई," तो एकदा सेटवर म्हणाला. "विहीरच टाकून देते."

"सेटवर गप्पा नकोत. ओव्हर."

"बरं बाई. सुट्टीत जाईन तवा एक बाटली घरी नेईन म्हनतो. बायकोले दाखवाले, पानी असंबी रायते. ओव्हर."

मे महिन्यातल्या एका दिवशी इंगोलेची तुकडी ०८३० वाजता उतरली. माझा तंबू कड्यापासून वीस पावलांवर होता, कॅप्टन बाहेर दुर्बीण घेऊन. १०४० ला ते तळाशी पोचले. ११०० ला चढायला लागले.

१२४० ला हवालदार तायडे सेटवर आला. तो अकोल्याचा, आवाज खडा. "दोघांच्या पायात गोळे. पाणी फोडायची परवानगी पाहिजे. ओव्हर."

मी बाहेर जाऊन सांगितलं. कॅप्टनने दुर्बीण खाली घेतली नाही. "माथ्यावर."

"नाही. माथ्यावर. ओव्हर," मी कळवलं.

१३१० म्हणजे दुपारी एक वाजून दहा मिनिटं. इंगोले बोलला. जीभ जड झाली होती.

"बाई, मले घाम येनं बंद झालं."

प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं. उन्हात घाम थांबला की माणूस धोक्यात. मी पळत बाहेर गेले. कॅप्टनने विचारलं, "हवालदारानं मागितलं का?"

"नाही सर. ऑपरेटरनं."

"मग ती विनंती नाही."

मी परत बसले. "हवालदारांना मागू दे. ओव्हर."

सेटवर इंगोलेच्या मागून तायडेचा आवाज ऐकू आला. "एकदा नाई म्हनले ना? पुन्हा मागून मी काहून शिव्या खाऊ? चाल, अर्धा घंटा रायला."

१३१८ ला इंगोले पुन्हा आला. या वेळी हळू.

"बाई, तुमीच हो म्हनून द्या न. कोनाले समजते?"

खरं होतं. परवानगी माझ्याच तोंडून जात होती. माझा शब्द गेला असता तर तायडेने लाख फोडली असती. वर बोलणी मी खाल्ली असती, कदाचित घरी पाठवलं असतं. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं.

"नाही. माथ्यावर. ओव्हर."

"बरं बाई," तो म्हणाला.

१३३५ ला तायडे ओरडला, "ऑपरेटर पडला!" मी कॅप्टनला सांगितलं. तो उभा राहिला. "फोडा." १३३६ ला मी तो शब्द कळवला. त्यांनी इंगोलेच्या तोंडात पाणी ओतलं. ते गालावरून वाहून गेलं. त्याला गिळता येत नव्हतं. १३५२ ला तो गेला, माथ्यापासून सत्तर-ऐंशी पावलं खाली.

त्याला वर आणल्यावर कॅप्टनने सगळी बुचं तपासली. अकरा शाबूत, एक परवानगीने फोडलेलं. नियम मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुकडीला पुन्हा उतरावं लागलं नाही. सेटवरचा प्रत्येक निरोप मी वेळेसह लॉग-बुकात लिहीत असे; चौकशीत ते दाखवलं. एकही मिनिट चुकलेलं नाही, असा शेरा मिळाला.

पुढच्या रजेत मी दर्यापूरकडे त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने लोटा भरून पाणी पुढे केलं. मचूळ, खारट. उन्हातून आले होते, सगळं प्याले.

"शेवटी काई बोलले काय?" तिने विचारलं.

"पाणी मागितलं. मी नाही म्हटलं."

"तुमी काहून?"

"हुकूम होता."

तिने रिकामा लोटा उचलला आणि दारातच राखेनं घासायला बसली. खसाखसा, दोनदा. मी निघाले तरी वर पाहिलं नाही.

मी सोबत चिखलदऱ्याच्या पाण्याची एक बाटली नेली होती. ती पिशवीतच राहिली. परत येताना मोटारस्टँडवर ओतून दिली.

तो लढाईत मेला नाही म्हणून कुठल्या दगडावर त्याचं नाव नाही. म्हणून इथे लिहिते, लॉगमध्ये लिहिलं होतं तसंच. १३१८: लान्स नाईक इंगोले पुंडलिक, पाणी मागितले. दिले नाही. खाली माझी सही.