अ‍ॅपची भरती आणि आमची खाडी

गेल्या रविवारी सकाळी डोंबिवली वेस्टच्या रेतीबंदरावर मी एका माशाशी अक्षरशः झटापट करत होते… त्याची ही गोष्ट.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आता चालला नाहीत तर पाय असाच आखडलेला राहील. आणि बाबा सोफ्यावरून हलायला तयार नाहीत. खोपटच्या डेपोत तीस वर्षं एसटीखाली आडवं पडून काम केलेला माणूस, आता समोरचा रिमोट द्यायला मला हाक मारतो. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची.

एका गोष्टीसाठी मात्र ते पूर्वी हमखास बाहेर पडायचे… गळ टाकायला. दर रविवारी उल्हास नदीवर. म्हणून म्हटलं, चला, मासे पकडू. तर म्हणे, "नदी राहिलीय कुठे? त्या गटारात मासा नाही, प्लास्टिक लागतं गळाला." एक घाव दोन तुकडे!

मीही त्यांचीच मुलगी. ठरवलं, याच पाण्यातला मासा पकडून यांच्या नाकासमोर धरायचा. ऑनलाइन रॉड मागवला, व्हिडिओ बघून गाठी मारायला शिकले, कोळंबीचं आमिष घेतलं आणि पोचले रेतीबंदरावर, जिथे उल्हास नदीची खाडी होते.

पुढचे चार रविवार काय काय लागलं विचारू नका. जलपर्णी, पिशव्या, एकदा तर चक्क कुणाचा तरी मोजा. फेस आणि वास वेगळाच… नवरा दर रविवारी विचारायचा, पापलेट घेऊन ठेवू का म्हणून. बाबा फक्त टीव्हीचा आवाज वाढवायचे.

पाचव्या रविवारी पण तेच. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये भरती साडेसातची होती. भरतीला मासा येतो, एवढं व्हिडिओत कळलं होतं. साडेसात झाले, मी सामान आवरायला घेतलं.

शेजारी एक मावशी बसल्या होत्या. इथल्याच गावातल्या आगरी. त्यांच्या शेतावर आता दोन टॉवर उभे आहेत, पण मावशींच्या हातात साधी दोरी आणि गळ, रिळबिळ काही नाही. त्या इतके दिवस गप्प बघत होत्या. आज राहवलं नाही बहुतेक.

"बाय, पानी अजून चढतंय न तू चालली कनाला?"

मी अ‍ॅप दाखवलं. मावशी इतक्या हसल्या की दोरी हातातून सुटता सुटता राहिली. "त्यो मुंबैच्या दर्याचा टाइम हाय! हिता पानी यायला दोन तास लागतान."

मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती समुद्रातल्या भरतीची वेळ. आज दशमी, म्हणजे साडेसात. त्यात आपल्या खाडीचे दोन तास मिळवायचे… म्हणजे चारही रविवार मी मासे यायच्या वेळेला घरी जाऊन पोहे खात होते!

बसले परत. सव्वानऊला रॉड असा वाकला की मी किंचाळलेच. मावशी ओरडत होत्या, "वढू नको, दमू दे त्याला!" वर आला तो वीतभर शिंगाळा, मिशा फेंदारून. त्याच्या काट्यापासून बोट वाचवत मावशींनी गळ काढून दिला. खाडीच्याच पाण्यात, बादलीतून, रिक्षाने घरी आणला.

बाबांनी बादलीत पाहिलं. आधी म्हणाले, बाजारातून आणलास. मग चष्मा लावला, वाकले. ओठावरची गळाची जखम दिसली त्यांना. एकदम म्हणाले, "अगं, तडफडतोय तो. या असल्या पाण्यातला मासा खायचा थोडाच आहे? सोडायला हवा. माझी चप्पल कुठाय?"

खरंच सांगते, हे काही मी ठरवलेलं नव्हतं. माझा प्लॅन नाकासमोर धरण्यापर्यंतच होता.

रिक्षा बंदराच्या वरच थांबते. खाली पाण्यापर्यंतचा उतार बाबा एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर ठेवून उतरले. दात आवळून, पण उतरले. बादली स्वतः कलती केली. शिंगाळा क्षणभर तिथेच थांबला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

मग बाबा मावशींशेजारी दगडावर बसून तासभर आमिषावर वाद घालत होते. कोळंबी की गांडूळ… निकाल काही लागला नाही.

निघताना चढावर ते पुढे आणि मी मागे. माझा खांदा त्यांनी कधी सोडला, मला कळलंच नाही. सहा महिने "बाबा, चाला ना" म्हणून घसा कोरडा केलेली मी, चक्क ओरडले, "अहो बाबा, हळू!"

इतकं बरं वाटलं ते ओरडताना…