फर्मिना आणि उबाराचा नाच

स्पेनच्या फुएर्तेवेंतुरा बेटावर पाऊस येतो तो हजेरीपटावर सही करण्यापुरता. तेफीयाचा माळ त्यामुळे बाराही महिने भाकरीसारखा भाजलेला. अशा माळावर लपून बसायला म्हणून माद्रिदचे नामांकित छायाचित्रकार लेआंद्रो नखशिखांत पानापानांच्या नक्षीचे कपडे घालून आले. बेटावर त्यांच्याइतकं हिरवं दुसरं काहीच नव्हतं.

त्यांना उबारा हवा होता. माळढोकाच्या कुळातला, कोंबडीहून मोठा, मातीच्या रंगाचा लाजाळू पक्षी. हिवाळ्यात त्याचा नर मानेची पांढरी पिसं फुलवून तोंडावर घेतो आणि मादीवर छाप पाडायला आंधळ्यासारखा धावत सुटतो. "आमच्या गावातल्या पुरुषांचंही तेच," फर्मिना म्हणायची, "फक्त पिसं नसतात."

एकसष्ट वर्षांची ही विधवा बेचाळीस शेळ्या राखायची आणि चीज बनवायची. लेक यूरेनाने नवा कॅमेरा घेतल्यावर जुना छोटा आईला देऊन टाकला होता. तेव्हापासून चार वर्षं फर्मिना नवऱ्याच्या खिळखिळ्या जीपमध्ये बसून खिडकीतून पक्षी टिपत होती. गाव हसायचं. सगळ्यांत जास्त तिचा दीर सातुर्निनो. गावातला एकुलता एक बार त्याचा, म्हणजे सगळ्या विषयांतला तज्ज्ञही तोच.

"वहिनी, शेळ्यांचे फोटो काढा की. निदान ओळखीच्या तरी आहेत."

"त्याच कंटाळल्यात, भावजी, माझ्यापुढे उभ्या राहून."

लेआंद्रोंचा वाटाड्याही अर्थात सातुर्निनोच झाला. उबारा त्याने पाहिला होता तो बारमधल्या कॅलेंडरवर. तीन दिवस दोघांनी गाडीने माळ उकरून काढला. हाती लागले ते धुळीचे फोटो, आणि एका फोटोत पक्ष्याची पाठ. चौथ्या दिवशी लेआंद्रो फर्मिनाच्या दारात उभे.

"बाई, तुम्ही पक्षी शोधता कसा?"

"शोधत नाही. बसते. या तुम्हीही. पण उतरायचं नाही, बोलायचं नाही, आणि ते अत्तर धुऊन यायचं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं जीपमध्ये बसले. जीपला चीजचा वास. लेआंद्रोंची लेन्स तोफेसारखी खिडकीबाहेर. दोन तास गेले.

"मला पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा..." लेआंद्रो कुजबुजले.

"श्श."

झुडपामागून नर आला. त्याने पिसं फुलवली, त्यात डोकं खुपसलं आणि धावत सुटला. एक वळसा, दुसरा वळसा, आणि मग थेट जीपकडे! त्या महागड्या लेन्सचा एकच बारीकसा दोष होता: पाच मीटरच्या आतलं तिला नीट दिसत नसे. लेआंद्रो तिचं कडं पिळत राहिले, पक्षी चाकापाशी येऊन ठेपला. फर्मिनाने मांडीवरचा छोटा कॅमेरा उचलला आणि कळ दाबली. उबाराने पिसांतून डोकं काढलं, जीप पाहिली, आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने चालता झाला.

"हा फोटो मला द्या," लेआंद्रो म्हणाले. "माझ्या पुस्तकात घेतो. तुमचे आभार मानीन. ठळक अक्षरांत."

"त्यापेक्षा फोटोखाली माझं नाव घाला. आभार मी मानते तुमचे. हवे तेवढे ठळक."

शरद ऋतूत पुस्तक आलं. फोटोखाली नाव होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. सातुर्निनोने ते पान बारमध्ये लावलं आणि 'वहिनीला पक्षी मीच दाखवला' असं गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली.

आता कॅमेरेवाले तिचं दार ठोठावू लागले. त्यातच फेब्रुवारीत शेळ्यांच्या वाटेवर, झुडपाच्या आडोशाला तिला मादी बसलेली दिसली. पोटाखाली दोन अंडी.

"उबारा? इथं कुठला?" ती पाहुण्यांना सांगू लागली. "सातुर्निनोला विचारा, त्याला सगळं माहीत." त्याच्या हाती पक्षी सुरक्षित होते.

तिने शेळ्या कोंडून घातल्या. चारा पाठीवर वाहिला. तेवीस दिवस बेचाळीस तोंडांनी तिचा उद्धार केला. आणि एका सकाळी आईमागून मातीचे दोन गोळे लुटुलुटु चालत निघाले. फर्मिना जीपमध्ये होती, कॅमेरा हातात होता. मादी थबकली, मान उंच करून बघू लागली. फर्मिनाने कॅमेरा खाली ठेवला आणि ती तिघं दिसेनाशी होईपर्यंत हलली नाही.

"आई, फोटो पाठव ना!" यूरेना फोनवर म्हणाली.

"नाही काढला. आई घाबरली असती."

"कोण, तू?"

"गप गं, सटवे," फर्मिना म्हणाली, आणि शेळ्या सोडायला गेली. लांबच्या वाटेने.