आधी मास्क

कॉकपिटमध्ये बसले की कॅप्टन आधी ऑक्सिजनचा मास्क तोंडाला लावून एक खोल श्वास घेत आणि मला, त्यांच्या सहवैमानिकाला, म्हणत, "आधी मास्क, मंग डोकं." ही तपासणी सगळेच वैमानिक करतात. पण इतक्या भक्तिभावाने करणारा माणूस तुम्हीही पाहिला नसेल. मला हसू यायचं.

ते तलवाड्याचे, मी गेवराईचा. हे कळलं त्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी हाक मारली, "मंग लांब कामून बसला बे?" आणि डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवली. बाकीच्यांशी ते स्वच्छ इंग्रजीत बोलत. ही बोली फक्त माझ्यासाठी होती.

एका दुपारी आम्ही चौतीस हजार फुटांवर असताना भोंगा वाजला. केबिनमधला हवेचा दाब झपाट्याने उतरत होता. मला मात्र भोंगाच खोटा वाटला. 'काहीतरी बिघडलंय, शोधू' म्हणून मी एकेक बटण बघत बसलो. बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि, सांगायला लाज वाटते, उगाच मजा वाटत होती. कॅप्टन स्वतःचा मास्क लावून इंग्रजीत दोनदा ओरडले म्हणे. मला ऐकूच आलं नाही.

मग कानावर आलं, "मास्क घाल बे आधी!"

गावातल्या कुणी दटावावं तसा माझा हात आपोआप उचलला गेला. चार श्वासांत डोकं ताळ्यावर आलं. हवा बाहेर सोडणारी झडप आम्ही हाताने बंद करून पाहिली. दाब सावरेना. "चल खाली," म्हणत त्यांनी विमानाचं नाक उतरवलं. मी आकडे मोठ्याने वाचत गेलो. दहा हजार फुटांवर मास्क काढले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता.

"मागं लोक कसे हायेत, इचार."

मी फोनवर हवाई सुंदरीला विचारून सांगितलं, "सगळे ठीक आहेत. एक बाळ लई रडतंय."

"रडतंय न्हवं? मंग ब्येस हाय."

जवळच्या विमानतळावर उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "अहवालात तुझा उशीर लिवणार हाय. आधी तुला सांगतो."

माझा चेहरा पडला.

"लाजू नको. हवा विरळ झाली की कुणाचंबी असंच व्हतं. पुढच्याला हे कळाया पायजे."

त्यांनी खरोखर लिहिलं. मला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं, आणि मी आज उडतो आहे तो त्या खरेपणामुळेही.

निवृत्तीनंतर ते तलवाड्याला राहायला गेले. यंदा वारले. मी त्यांच्या घरी निघालो तेव्हा आई म्हणाली, "मलाबी यायचंय." तिने ना विमान आतून पाहिलं होतं, ना ती कधी त्यांना भेटली होती. तलवाड्याला पोचल्यावर ती थेट त्यांच्या बायकोजवळ जाऊन बसली. मग आईने माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो बगा," ती म्हणाली. "तुमच्या मालकानं माघारी आणून दिला."

त्या माउलीने मला जवळ बोलावलं आणि तोंडावरून हात फिरवला.