अम्मीची रसभरी

१९६५ सालच्या ऑगस्ट अखेरीस मामू दुबईला आला आणि तिथल्या देरा भागातल्या आमच्या अंगणात बसून त्याने अम्मीच्या हातात सुकलेल्या नारिंगी फळांची एक पुडी ठेवली. मामू म्हणजे अम्मीचा धाकटा भाऊ. मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला. पुडी पेरूच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरातली होती. ती उघडताच मनुकांसारखा आंबूसगोड वास पसरला आणि खाडीवरून येणारा सुक्या मासळीचा, लाकडी गलबतांच्या तेलाचा नेहमीचा वास क्षणभर मागे सरला...

"बाजारातल्या बाईला डोळ्यांवर हात ठेवून दाखवलं," मामू म्हणाला, "तिने ही दिली. त्यांच्या डोंगरात डोळ्यांना हेच देतात म्हणे."

"तिची भाषा कळली तुला?" अब्बांनी विचारलं.

"दुल्हाभाई, बंदरात हातच बोलतात."

अम्मीला दिवस मावळला की दिसत नसे. धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर हे सुरू झालं होतं. मगरिबची अजान झाली की ती भिंतीला हात लावून चाले, ताटातला भात बोटांनी चाचपून वाढे. दवाखान्यातल्या डॉक्टरने माशाच्या तेलाची बाटली दिली होती, कलेजी खायला सांगितलं होतं. तेल ती नाक दाबून घेई. पण तिला खुपत होतं ते वेगळंच. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात ईदचा चंद्र सगळ्यांत आधी तीच पाही. तिचं बोट वर गेलं की मोहल्ल्यातल्या बायका शीरखुर्म्याच्या तयारीला लागत. आदल्या ईदेला, इथल्या गच्चीवर, तिने बोट वर करून "दिसला" म्हटलं होतं. चंद्र तिथे नव्हता.

काही फळं तिने खाल्ली, उरलेल्यांच्या बिया घासलेटच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. फळ ओळखीचं निघालं – मुंबईच्या बाजारात मिळणारी रसभरी. गोडं पाणी तेव्हा गाढवांवरून दारात येई, ते झाडाला घालणं शक्य नव्हतं. म्हणून अब्बा डब्याशेजारी पाट मांडून नमाजाआधीचा वजू करू लागले आणि हातापायांवरून ओघळणारं पाणी रोपाला मिळू लागलं. पानं मखमली, हात लागला की टोमॅटोच्या पाल्यासारखा उग्र वास; मग पिवळी फुलं – पोटात तपकिरी डाग असलेली – आणि थंडी लागता लागता फांद्यांवर लोंबणारी हिरवी, फुगीर कवचं, कागदी कंदिलांसारखी...

कोकणात शेतांच्या बांधावर अशीच कवचं धरणारी फोपटी उगवते. पोरं ती कपाळावर आपटून फट् वाजवतात. अब्बा बोट कंपनीत कारकून होते, एरवी गंभीर. एका शुक्रवारी नमाजहून परतल्यावर त्यांनी एक कवच तोडून कपाळावर वाजवलं. आम्ही भावंडांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरं, मग तिसरं. अम्मी बाहेर आली तोवर एक अख्खी फांदी रिकामी झाली होती.

"अवो, हे काय करताय!"

"फोपटी ना ही?"

"माझं औषध आहे ते! कपाळ मात्र छान वाजतं तुमचं. आत काही नसलं की वाजायचंच!"

भिंतीपलीकडून शेजारीण उम्म सालेम डोकावली. तिला शब्द कळले नसावेत; तरी हसत हसत तिने अब्बांना अरबीत पुरे करायला सांगितलं, "खलास, खलास!"

त्यानंतर झाडाला कोणी हात लावला नाही. हिरवं फळ पोटाला बाधतं, असं मामूने जाताना बजावलं होतं; कवच वाळून फळ आपोआप गळून पडलं की ते अम्मीचं. रमजान आला. रोजा सोडताना खजुरानंतर अब्बा एक फळ सोलून तिच्या तळहातावर ठेवत, कारण त्या उजेडात तिला कवच दिसत नसे. महिना सरत आला तेव्हा एका संध्याकाळी ती म्हणाली, "द्या इकडे, मी सोलते."

या फळात कॅरोटिन असतं आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं. अँडीजमधले लोक ते डोळ्यांसाठी, घशासाठी, लघवीच्या तक्रारींवर वापरत आले आहेत... हे सगळं पुढे वाचनात आलं. तेल, कलेजी आणि फळ एकाच वेळी चालू होती; फरक कशाने पडला, हे सांगता येत नाही. अम्मी फळाचं नाव घेई, अब्बा तेलाचं, आणि हा वाद दोघांनी आयुष्यभर आवडीने घातला. रोप पुढच्या उन्हाळ्यात वाळलं. ते घर आता नाही, ते दोघंही नाहीत. फळ हल्ली दुबईच्या सुपरमार्केटात प्लास्टिकच्या डबीत मिळतं. डबीवर कोलंबिया लिहिलेलं असतं.

त्या रमजानच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो. पश्चिमेला, खाडीपलीकडे, आकाश फिकट केशरी होतं. शेजारच्या गच्चीवर उम्म सालेम मुलांना घेऊन उभी होती. अम्मीचं बोट वर गेलं.

"तो बघा."

आम्हाला काही दिसलं नाही. उम्म सालेमने नाही अशी मान हलवली. अब्बा अम्मीकडे बघत राहिले.

"तिकडे नाही, इकडे," अम्मी म्हणाली. "मनोऱ्याच्या डावीकडे. जरा खाली. नखाएवढा आहे."

अब्बा तिच्या मागे जाऊन उभे राहिले, वाकले, तिच्या खांद्यावरून बोटाच्या रेषेत बघू लागले.

"आहे," अब्बा म्हणाले.

थोड्या वेळाने ईदची तोफ झाली.