अक्काचा दुसरा गिअर

कॅनॉलचा पूल आला की पलीकडच्या उतारासाठी अक्का ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि मागून हॉर्नचा गोंगाट सुरू व्हायचा. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. विष्णुपुरीच्या आमच्या बाजूला उसाची भरलेली ट्रॉली ओढणारी ती एकटीच बाई. बाकीचे, त्यात माझा नवराही, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायचे. वरून तिलाच चिडवायचे, "निघाली अक्काची वरात!"

"वाचवा डिझेल," ती म्हणायची. "माणूस कोनत्या पंपावर मिळतंय, तेबी इचारून ठेवा."

तिच्या ट्रॉलीला हवेचे ब्रेक होते. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की नळीतून हवा मागं जायची आणि नुसती ट्रॉली अडायची. चढावरच ती दांडी जराशी ओढून बघायची. "आधी मागचं आवरायचं, मग पुढचं. न्हाई तर मागचं पुढच्याला आडवं पाडतंय." घरातल्या भांडणातही तिचा हाच न्याय. आधी बाजेवरच्या सासूबाईंना शांत करायची, मग आम्हाला.

एकदा मी तिच्या शेजारी मडगार्डवर बसले होते. चढावर दांडी चालली, पण उताराला लागलो आणि नळीच फाटली. फुस्स झालं, ट्रॉलीचा ब्रेक गेला. खाली निंदणीच्या बाया रस्ता ओलांडत होत्या. मी मडगार्ड घट्ट धरलं.

"अक्का, ब्रेक दाब की!"

"दाबून राहिले ना, हळूहळू. एकदम दाबला तर ट्रॉली अंगावर येतीय. तू वरड त्या बायांवर!"

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. अक्कानं क्लचला पाय लावला नाही. इंजिन कण्हत होतं, पण भार धरून होतं. ती ट्रॅक्टरचा ब्रेक दाबत होती, सोडत होती. बाया बांधावर पळाल्या. सपाटीला वेग मोडला, तशी तिनं गाडी कडेच्या मऊ मातीत अलगद घातली. उतरली, उसाचं एक कांडं मोडून माझ्या हातात दिलं.

"खा. घसा बसला आसंल."

मला तिचा फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. गोदावरीवर न्यायला तिला तिच्याच ट्रॉलीत ठेवलं. मी उशाशी बसले होते, ट्रॅक्टर माझा नवरा चालवत होता. पूल आला. मी कान टवकारले. इंजिन घरघरलं आणि गाडी मंदावली. दुसरा गिअर पडला होता. मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत सुटला.

नवऱ्यानं मान वळवून ओरडून सांगितलं, "वाजव बाबा, वाजव! अक्काची वरात हाय!"